कान, डोळे आणि लाउडस्पीकर

वीस-पंचवीस वर्षे इमानाने वाजलेली लाउडस्पीकरची जोडी एखाद्या दिवशी खरखरू लागते. तबल्याच्या डग्ग्यावर किंवा तंबोऱ्याच्या खर्जावर खरखर जास्त ऐकू येते. पुढची जाळी काढून पाहिले, तर बहुधा एकच दृश्य दिसते. शंकूचा कागद शाबूत असतो, पण त्याच्या भोवतीची फोमची मऊ कड बोट लावताच भुग्यासारखी गळून पडते.

मग घरात दोन प्रश्न उभे राहतात. चांगली जपलेली वस्तू अशी कशी मोडली? आणि तिच्या जागी नवी जोडी कशी निवडायची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भौतिक व रसायनशास्त्रात मिळते. दुसरा अधिक अवघड आहे. वजन काट्यावर मोजता येते, लांबी पट्टीने मोजता येते. पण ‘चांगला आवाज’ कशाने मोजायचा? ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न म्हणून तो सोडून द्यायचा, की त्याचीही परीक्षा घेता येईल? गेल्या शंभर वर्षांत अनेकांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. निवड करताना आपल्याला त्यांच्या अनुभवाचा चांगला उपयोग होतो, म्हणून त्यांची हकीकत येथे थोडक्यात देत आहोत.

कर्ण्यापासून शंकूपर्यंत

चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे ठेवायचे, त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडायचा आणि वेटोळ्याच्या हालचालीने एक पडदा हलवायचा, ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत सीमेन्सने १८७७ साली अशा रचनेचे पेटंट घेतले होते. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ साली तशीच रचना मांडली. पण वेटोळे जोराने हलवण्याइतका प्रवाह देणारे वर्धक तेव्हा नव्हते. ते व्हॅक्यूम ट्यूबबरोबर आले. १९१५ साली कॅलिफोर्नियात जेन्सन व प्रिडहॅम यांनी हलत्या वेटोळ्याला मोठा कर्णा जोडून सार्वजनिक सभेसाठी लाउडस्पीकर बनवला. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी सॅन डिएगो येथील प्रचंड सभेत अशाच यंत्रातून भाषण केले.

कर्ण्यातून आवाज दूरवर पोचतो, पण तो कर्ण्याचाच वाटतो. नाकात बोलल्यासारखा हा दोष काढण्याचे श्रेय जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांना जाते. १९२५ साली त्यांनी कर्णा नसलेल्या लाउडस्पीकरवर निबंध सादर केला. पुढच्याच वर्षी त्यावर आधारलेला लाउडस्पीकर बाजारात आला.

त्यांची युक्ती शाळेतल्या भौतिकशास्त्राने समजण्यासारखी आहे. लहान शंकू एका ठरावीक वेगाने पुढेमागे हलत असला आणि वारंवारता निम्मी केली, तर त्याच्यापासून निघणारी ध्वनिशक्ती एक-चतुर्थांश होते. म्हणजे खर्जात आवाज फार दुबळा पडायला हवा. पण शंकूवर एकसारखे बल लावले आणि त्याला अडवणारी स्प्रिंग जवळजवळ नसेल, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे त्याचे त्वरण सर्व वारंवारतांना सारखे राहते. त्वरण सारखे असेल, तर वारंवारता निम्मी होताच वेग दुप्पट होतो, आणि शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती चौपट होते. एका बाजूने चौथाई, दुसऱ्या बाजूने चौपट. दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात आणि खर्जापासून बऱ्याच वरपर्यंत आवाजाची शक्ती सारखी राहते.

यासाठी एकच अट आहे. शंकूला धरून ठेवणारी कड अतिशय सैल हवी, म्हणजे त्याची नैसर्गिक वारंवारता आपल्याला ऐकायच्या आवाजाच्या खाली राहील. जगातल्या बहुतेक लाउडस्पीकरांत आजही हेच तत्त्व वापरलेले आढळेल. आपल्या जुन्या जोडीच्या मरणाचे बीजही याच अटीत आहे.

हवेची स्प्रिंग

शंकू पुढे येताना समोर हवेचा दाब वाढवतो आणि मागे कमी करतो. पुढची-मागची हवा एकमेकींत मिसळली तर खर्ज नाहीसा होतो, म्हणून शंकू पेटीत बसवावा लागतो. पण लहान बंद पेटीतली हवा स्वतःच स्प्रिंगसारखी वागते, शंकूला अडवते आणि त्याची नैसर्गिक वारंवारता वर नेते. म्हणून चांगला खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी घ्या, असा १९५० पर्यंतचा सल्ला असे.

एडगर व्हिलचर या अमेरिकन शिक्षकाने हा प्रश्न उलटा केला. कागदाची किंवा कापडाची कड फार ताणली की सरळ प्रमाणात वागत नाही, म्हणून आवाज विकृत होतो. पेटीतली हवा मात्र थोड्या दाबफरकाला जवळजवळ सरळ प्रमाणात प्रतिसाद देते. मग कडेचे काम हवेकडेच का देऊ नये? कड आणखी सैल करायची आणि लहान बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग बनवायचे. १९५४ साली व्हिलचर आणि त्यांचे सहकारी हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढून असा लाउडस्पीकर विकायला आणला. तो पुस्तकांच्या फळीवर मावत असे.

निसर्ग फुकट काही देत नाही. क्लॉस यांचे पुढचे सहकारी हॉफमन यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. पेटी तेवढीच ठेवून खर्जाची मर्यादा एक सप्तक खाली न्यायची असेल, तर कार्यक्षमता एक-अष्टमांश होते. दुकानात विक्रेता या तिन्हींचे आश्वासन देऊ लागला की हा नियम आठवावा.

ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली, भोक असलेल्या पेटीचे गणित विद्युत फिल्टरच्या गणितासारखे मांडता येते, हे दाखवले. तो निबंध दहा वर्षे फारसा कोणाच्या नजरेत आला नाही. १९७१ साली अमेरिकेतील ऑडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकाने तो पुन्हा छापला, सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम विस्ताराने पुढे नेले आणि पेटी बनवण्यातला अंदाजपंचे कारभार बराचसा संपला.

या सर्व रचनांना सैल कड हवी होती. १९७० च्या दशकात त्यासाठी पॉलियुरेथेनचा फोम सर्रास वापरला जाऊ लागला. तो हलका, लवचिक आणि स्वस्त होता. पण त्याच्या काही प्रकारांत एस्टर बंध असतात आणि हवेतल्या पाण्याच्या वाफेने ते हळूहळू तुटतात. प्राणवायू, ओझोन व ऊन त्याला हातभार लावतात. लाउडस्पीकर वाजवला नाही, नुसता झाकून ठेवला, तरी ही क्रिया चालूच राहते. दमट हवेत ती अधिक वेगाने होते, हे मुंबई-कोकणात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. रबराची कड पुष्कळ अधिक टिकते.

कड गेली म्हणजे लाउडस्पीकर गेला असे मात्र नाही. शंकू आणि वेटोळे धड असेल तर नवी कड चिकटवता येते आणि कुशल कारागीर ते काम थोडक्या खर्चात करतात. नवी जोडी घेण्याआधी हा पर्याय पाहावा. पण कित्येकदा आवाजाची विभागणी करणाऱ्या सर्किटमधले कपॅसिटरही सुकलेले असतात, किंवा ट्वीटरचे वेटोळे जळालेले असते. मग नवी जोडी घेणे भाग पडते.

अंधारातली गायिका

आता दुसरा प्रश्न. दोन वाद्ययंत्रांपैकी चांगले कोणते, हे ठरवण्याचा गाजलेला प्रयत्न एडिसनच्या कंपनीने केला. १९१५ पासून अमेरिकेतल्या अनेक शहरांत तिने जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर एक गायिका आणि शेजारी एडिसनचा फोनोग्राफ. गायिका गाता गाता थांबे, तबकडी पुढे चालू राही. कधी दिवे घालवत आणि अंधारात कोण गात आहे ते ओळखा, असे श्रोत्यांना सांगत. फरक कळत नाही, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येत.

आज त्या तबकड्या ऐकल्या तर आपल्याला नवल वाटते. खर्ज नाही, वरचे स्वर नाहीत, आणि तरी लोक फसले? याचे एक उत्तर या कार्यक्रमांत गाणाऱ्या ॲना केस यांनी म्हातारपणी दिले. यंत्राच्या आवाजाशी जुळेल असा त्या आपला आवाज काढत असत. म्हणजे यंत्र माणसासारखे झाले नव्हते, माणूस यंत्रासारखा झाला होता. शिवाय श्रोत्यांना तुलनेसाठी दुसरे यंत्रच दिलेले नव्हते. विक्रीसाठी केलेल्या प्रयोगात असे घडणे स्वाभाविक होते.

व्हिलचर यांच्या कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून असेच कार्यक्रम केले, पण अधिक प्रामाणिकपणे. रंगमंचावर फाइन आर्ट्स क्वार्टेट हे चार वादकांचे पथक आणि त्यांच्याजवळ लाउडस्पीकर. ध्वनिमुद्रण मोकळ्यावर किंवा प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत केलेले असे, म्हणजे सभागृहाचा घुमारा दोनदा मिसळणार नाही. वादक मध्येच वाजवायचे थांबत, पण गज चालवल्याचा अभिनय चालू ठेवत, आणि जाणकार श्रोतेही चकत. याच कंपनीने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात एक खोली ठेवली होती. तेथे कोणीही येऊन ऐकावे. विक्री मात्र तेथे होत नसे.

ब्रिटनच्या बीबीसीच्या अभियंत्यांपाशी एक दुर्मीळ सोय होती. स्टुडिओत निवेदक बोलत असताना ते त्याचा खरा आवाज ऐकत आणि लगेच शेजारच्या खोलीत जाऊन तोच आवाज लाउडस्पीकरमधून ऐकत. माणसाचे बोलणे ही त्यांची आवडती कसोटी होती, कारण ओळखीच्या माणसाच्या आवाजातला खोटेपणा आपल्याला चटकन कळतो. कागदाचे शंकू एकसारखे निघत नाहीत आणि ओलाव्याने बदलतात, म्हणून बीबीसीने प्लॅस्टिकचे शंकू करून पाहिले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, स्टुडिओच्या एक-अष्टमांश आकाराच्या प्रतिकृतीत ध्वनीचे प्रयोग चालले होते. त्या कामासाठी लागलेल्या लहान लाउडस्पीकरमधून एलएस ३/५ए हा छोटा लाउडस्पीकर जन्माला आला. तो बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाडीत वापरण्यासाठी होता. अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन तो तयार केला आणि घरोघरच्या श्रोत्यांनी तो जपून वापरला.

पडद्यामागची परीक्षा

या सर्व प्रयत्नांत एक उणीव राहिली होती. ऐकणाऱ्याला आपण काय ऐकतो आहोत हे ठाऊक असे. औषधांच्या चाचणीत रुग्णाला आणि डॉक्टरलाही खरे औषध कोणते ते कळू देत नाहीत. लाउडस्पीकरला हाच नियम काटेकोरपणे लावण्याचे काम कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी केले. लाउडस्पीकर पडद्यामागे ठेवले, सर्वांचा आवाज मोजून सारखा केला, क्रम नशिबावर सोपवला आणि प्रत्येक चाचणी पुन्हा पुन्हा घेतली. याचबरोबर प्रत्येक लाउडस्पीकरची मोजमापे प्रतिध्वनीरहित खोलीत घेतली. निष्कर्ष १९८५ व १९८६ साली प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष अनपेक्षित होता. ‘ज्याची त्याची आवड’ असे मानले जात होते, पण पडदा टाकल्यावर सामान्य श्रवणशक्ती असलेल्या लोकांची मते पुष्कळच जुळली. ज्यांना लोकांनी वरचा क्रम दिला, त्यांचा आवाज समोरच्या दिशेला सर्व वारंवारतांना सपाट होता, आणि बाजूंनाही तो एकसारखा, हळूहळू उतरत जाणारा होता. बाजूचे महत्त्व का? कारण घरात आपल्या कानी येणारा बराचसा ध्वनी भिंतींवरून परावर्तित होऊन येतो. ज्यांची श्रवणशक्ती कमी झाली होती, त्यांच्या मतांत मात्र सातत्य कमी आढळले.

१९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हे दोघे तोपर्यंत हरमन या लाउडस्पीकर बनवणाऱ्या कंपनीत गेले होते. कंपनीतल्याच ४० जणांनी चार लाउडस्पीकर दोनदा ऐकले, एकदा पडद्यामागे आणि एकदा उघड्यावर. त्यांत एक संच लहान, प्लॅस्टिकचा व स्वस्त होता. पडद्यामागे त्याला मोठ्या व महागड्या लाउडस्पीकरांच्या बरोबरीचे गुण मिळाले. पडदा काढताच त्याचे गुण घसरले आणि मोठ्यांचे वाढले. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. पडद्यामागे असताना लाउडस्पीकरची खोलीतली जागा बदलली की श्रोत्यांचे गुण बदलत, कारण आवाज खरोखरच बदलत होता. डोळ्यांना दिसू लागल्यावर हा खरा फरकही त्यांना कमी जाणवू लागला. नसलेले ऐकू येणे आणि असलेले ऐकू न येणे, दोन्ही डोळ्यांमुळे घडले होते.

२००३ साली ऑलिव्ह यांनी २६८ श्रोत्यांवर घेतलेल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. मुरलेले श्रोते कमी गुण देत आणि त्यांच्या गुणांत सातत्य अधिक असे, पण लाउडस्पीकरांचा क्रम मुरलेल्या आणि नवशिक्या श्रोत्यांनी सारखाच लावला. २००४ साली त्यांनी ७० लाउडस्पीकरांच्या मोजमापांवरून लोकांच्या पसंतीचे भाकीत केले. भाकीत आणि प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ इतका होता. हे संशोधन विक्रेत्या कंपनीत झाले, हे ध्यानात ठेवावे. पण पद्धत आणि आकडे उघड आहेत, आणि कोणालाही ते तपासून पाहता येतात.

घरी निवड करताना

घरातल्या जुन्या जोडीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, ती म्हणजे सवय. जुना ट्वीटर वर्षानुवर्षे मंद होत गेला तर आपल्याला ते कळत नाही, कारण बदल अगदी सावकाश होतो. शिवाय वयाबरोबर आपले कानही वरच्या वारंवारता गमावत असतात. त्या जोडीवर आपण शेकडो वेळा ऐकलेली भीमसेन जोशींची मैफल आता तिच्याच आवाजात आपल्या मनात बसलेली असते. म्हणून चांगली नवी जोडी पहिल्या दिवशी कर्कश वाटू शकते आणि वाईट जोडी निव्वळ वेगळी म्हणून मोहक वाटू शकते. पहिल्या दहा मिनिटांच्या मतावर पैसे मोजू नयेत.

आवाजाच्या पातळीचा सापळा याहून मोठा. १९३३ साली फ्लेचर व मुनसन यांनी दाखवले, की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि मोठा होत गेला की तो झपाट्याने वर येतो. म्हणून दोन जोड्यांपैकी एक जरा मोठ्याने वाजली, तर ती ‘मोठी’ न वाटता ‘चांगली’ वाटते. जी जोडी तेवढ्याच विजेत अधिक आवाज देते, ती दुकानात काही न करता जिंकते. तुलना करायची असेल तर आधी पातळी मोजून सारखी करावी.

तिसरी गोष्ट खोलीची. समोरासमोरच्या भिंतींत ४ मीटर अंतर असेल, तर ३४३ भागिले ८ म्हणजे सुमारे ४३ हर्ट्झला त्या खोलीतली हवा स्वतः घुमू लागते. हा घुमारा लाउडस्पीकरबरोबर दुकानातून घरी येत नाही. तो घरचाच असतो आणि लाउडस्पीकर कोपऱ्यातून हात-दोन हात पुढे ओढला तरी खर्ज बदलतो. म्हणून शक्य असेल तर घरी आणून ऐकावे आणि निदान परत घेण्याची बोली करून घ्यावी.

ऐकायला काय निवडावे? घरातल्या एखाद्याचे ध्वनिमुद्रित बोलणे ही बीबीसीची कसोटी आपल्यालाही परवडते. दुसरी कसोटी तंबोऱ्याची. तंबोऱ्याच्या जवारीतून वरचे उपस्वर मोठ्या प्रमाणात उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली अभ्यासले होते. वूफरकडून ट्वीटरकडे आवाज जातो तेथे खाच असेल, तर तंबोऱ्याचा अखंड झणत्कार तुटक वाटतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

यातला मुख्य प्रयोग शाळेत सहज होतो. दोन वेगवेगळे लहान स्पीकर घ्यावेत, एक दिसायला भारी आणि एक साधा. पातळ सुती चादरीआड ते शेजारी शेजारी ठेवावेत. रेडिओच्या दोन केंद्रांमधल्या खरखरीसारखा एकसारखा आवाज दोन्हींवर वाजवून, मोबाइलमधल्या ध्वनिमापक ॲपने पातळी जुळवावी. ॲपचे आकडे अचूक नसले तरी चालतील, दोन्हींना तेच ॲप त्याच जागी धरले म्हणजे झाले. मग नाणे उडवून क्रम ठरवावा. वाजवणारा विद्यार्थीही चादरीआडच असावा. बाकीच्यांनी न बोलता, शेजारच्याच्या वहीत न डोकावता, दहापैकी गुण लिहावेत. नंतर चादर काढून सगळे पुन्हा करावे आणि दोन्ही वेळच्या सरासरींची तुलना करावी.

एखादा विद्यार्थी ‘मला दोन्हींतला फरक नेहमी कळतो’ म्हणाला, तर त्याची दहा वेळा परीक्षा घ्यावी. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का असते. नऊ बरोबर आले, तर त्याचा दावा गंभीरपणे घ्यावा. सहा आले, तर त्याच्याशी वाद न घालता संभाव्यतेचा धडा तेथूनच सुरू करावा. पडद्यासह आणि पडद्याविना मिळालेले तुमच्या वर्गातले आकडे आम्हाला अवश्य कळवा.